४५ तासांचा हिशेब: शिक्षकांनी शाळा आणि घर यांची मांडणी कोणत्या क्रमाने करावी

स्वतःकडे लक्ष द्यायचं ठरवलं की बहुतेक शिक्षक सुरुवात उलट्या टोकाने करतात. पहाटे पाचचा गजर लागतो, योगासनांची चटई येते, कोमट पाणी सुरू होतं. आठवडाभर सगळं नीट चालतं. मग केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर 'माहिती आजच्या आज' असा निरोप येतो, रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडा राहतो आणि दुसऱ्या दिवशी गजर बंद केला जातो. आपली जिद्दच कमी पडली, असं वाटतं. खरं तर त्या पाऊण तासासाठी दिवसात जागाच केलेली नसते.

क्रम असा हवा: आधी काम मोजायचं, मग कमी करायचं, उरलेलं शाळेच्या वेळेत बसवायचं आणि शेवटी मोकळा झालेला वेळ शरीराला द्यायचा. खालची मांडणी सातारा-सांगलीकडच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा डोळ्यापुढे ठेवून केली आहे. माध्यमिकच्या शिक्षकांनी तासिकांचे आकडे आपल्या वेळापत्रकाप्रमाणे बदलून घ्यावेत.

तयारी: सुरुवात कधी करायची

जूनचा पहिला पंधरवडा आणि परीक्षेचे आठवडे सोडा. प्रवेशोत्सवाच्या गडबडीत घेतलेली नोंद वर्षभराचं चित्र दाखवत नाही. जुलैचा दुसरा पंधरवडा किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा आठवडा चांगला. मतदार यादीचं किंवा जनगणनेचं काम चालू असेल तर ते संपू द्या.

जवळ एक छोटी वही, शाळेचं वेळापत्रक आणि तुम्ही ज्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहात त्यांची यादी ठेवा. ही यादी करायला बसलं की आकडा सहसा अंदाजापेक्षा मोठा निघतो.

टप्पा १: सात दिवसांची नोंद

वहीत चार रकाने आखा: वेळ, काम, कुठे केलं, कोणी मागितलं. पंधरा मिनिटांपेक्षा बारीक जाऊ नका, तितकी नोंद टिकत नाही. सोमवार ते रविवार, उठल्यापासून झोपेपर्यंत लिहा. डबे, धुणी, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधं, गोठ्यातलं काम, सगळं त्यात आलं पाहिजे.

नेहमी होणाऱ्या चुका:

- रात्री एकदम आठवून लिहिणं. यात फोनवर गेलेला वेळ हमखास सुटतो. मधली सुट्टी, शाळा सुटताना आणि झोपताना अशा तीन वेळांना लिहा.
- रविवार वगळणं. जादा तास, वह्यांचे गठ्ठे, पुढच्या आठवड्याचं टाचण (पाठांची लेखी तयारी), सगळं रविवारीच लपलेलं असतं.
- घरकाम 'ते काय काम आहे का' म्हणून सोडणं. बाईंच्या नोंदीत घरकामाचे रोजचे चार तास असतील आणि ते वाटून घेतले जाणार नसतील, तर या लेखातला एकही उपाय पुरा पडणार नाही. ती चर्चा घरात आधी व्हायला हवी, आणि ती करताना ही वहीच समोर ठेवावी. तोंडी सांगितलेलं 'मी दमते' विसरलं जातं, लिहिलेले तास खोडता येत नाहीत.

टप्पा २: ४५ तासांची चौकट

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात पूर्वतयारीही धरली आहे. आकडा किमान आहे, कमाल नाही. त्यामुळे तो साहेबांपुढे ढालीसारखा धरण्यात अर्थ नाही. आपली स्वतःची चौकट म्हणून मात्र तो उपयोगी आहे.

शाळा साडेदहा ते पाच असेल तर पाच दिवसांचे साडेबत्तीस तास होतात. शनिवारी सकाळच्या शाळेचे चार धरले तर साडेछत्तीस. उरतात साडेआठ तास. शाळेच्या घंटांबाहेर शाळेसाठी द्यायचा वेळ तेवढाच. त्याची एक चालणारी वाटणी अशी: टाचण आणि साहित्य अडीच तास, वह्या दोन, ऑनलाइन नोंदी दोन, पालक आणि ग्रुप एक, बैठका एक. शिष्यवृत्तीचे किंवा नवोदयचे जादा तास घेत असाल तर तेही या साडेआठातूनच जायला हवेत. त्यासाठी दुसरं काहीतरी कमी करावं लागेल. रोज शाळा सुटल्यावर दीड तास आणि रविवारी तीन तास जादा वर्ग घेऊन बाकी सगळं पूर्वीसारखंच चालेल, असं धरणारा हिशेब नोव्हेंबरपर्यंत कोलमडतो.

तपासा: तुमच्या नोंदीतले घंटांबाहेरचे तास मोजा. साडेआठ ते अकरा आले तर टप्पा ४ पासून सुरुवात केली तरी चालेल. पंधराच्या वर गेले तर टप्पा ३ वगळू नका.

टप्पा ३: आधी कमी करा

नोंदीतल्या प्रत्येक कामापुढे चारपैकी एक खूण करा: सोडायचं, वाटायचं, एकत्र करायचं, ठेवायचं.

सोडण्यासारखं सर्वांत जास्त सापडतं ते फोटोंमध्ये. प्रत्येक उपक्रमाचे वीस फोटो, कोलाज, मथळा, मग तीन ग्रुपवर तेच. अहवालाला दोन-तीन फोटो पुरतात. एक मुलांचा, एक कामाचा, एक फलकाचा. दुसरी जागा म्हणजे दुहेरी नोंदी, तीच माहिती वहीतही, फाइलमध्येही आणि मोबाइलमध्येही. यातली कोणती प्रत तपासणीला लागते ते मुख्याध्यापकांना विचारून घ्या आणि बाकीच्या बंद करा.

वाटण्यासारखं काम द्विशिक्षकी शाळेतही निघतं. पोषण आहाराचा साठा आणि नोंद एकाने, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती दुसऱ्याने, असं वर्षभरासाठी ठरवून टाका. दोघांनी मिळून सगळं करायचं ठरलं की दोघंही सगळ्याला बांधले जातात.

नवीन माहिती मागितली गेली की हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारा: नमुना कोणता, तारीख कोणती, ही माहिती आधीच्या कुठल्या तक्त्यात दिलेली आहे का? तिसऱ्या प्रश्नाने निम्मं काम वाचण्याची शक्यता असते, कारण पट, जात, लिंग, आधार यांची तीच आकडेवारी वेगवेगळ्या रकान्यांत पुन्हा पुन्हा मागितली जाते.

सावधान: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना देता येतात. ही कामं 'सोडायचं'च्या रकान्यात टाकू नका. आदेशावरची मुदत वाचा आणि त्या आठवड्यांपुरते जादा तास व घरचे कार्यक्रम आधीच मागे घ्या.

टप्पा ४: वह्या शाळेतच संपवा

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. पट ३५, वह्या ४, प्रत्येक वहीला दोन मिनिटं धरली तर एका फेरीला २८० मिनिटं, म्हणजे चार तास चाळीस मिनिटं लागतात. आठवड्याला दोन तास ठेवले असतील तर हे बसणारच नाही. गठ्ठा गाडीच्या डिकीतून घरी जातो, तसाच परत येतो आणि रविवारी रात्री लाल पेन घेऊन बसावं लागतं.

बसवायचं कसं:

१. वर्गाचे सातसातचे पाच गट करा. सोमवारी पहिल्या गटाच्याच वह्या, मंगळवारी दुसऱ्या. रोज सात मुलं, चार वह्या, म्हणजे २८ वह्या. दोन मिनिटांच्या वेगानेही तासाच्या आत होतं.

२. यातलं निम्मं काम मुलं समोर लिहीत असताना करा. स्वाध्यायाच्या वीस मिनिटांत त्या दिवसाच्या गटातलं एकेक मूल जवळ बोलवा आणि त्याच्यासमोरच वही पाहा. चूक तिथल्या तिथे कळते, शेरा लिहावा लागत नाही.

३. एका वेळी एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या आठवड्यात वाक्याची रचना, गणितात फक्त हातच्याची मांडणी. सगळ्या चुका लाल केलेली वही मूल वाचत नाही, बंद करून टाकतं.

४. पाढे, शुद्धलेखन आणि एका शब्दाची उत्तरं शेजारच्या मुलाने फळ्यावरून तपासायची. तुम्ही फक्त तारीख आणि सही करा. 'तपासले' एवढं लिहून खोटी खात्री देऊ नका. 'स्वतपासणी' किंवा 'मित्रतपासणी' असा शेरा लिहिला तर तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनाही पद्धत समजते.

५. निबंध, पत्र, प्रकल्प यांची पूर्ण तपासणी पंधरा दिवसांतून एकदा, आणि एका वेळी एकाच विषयाची.

कुठे बिघडतं: गट ठरतो, पण पहिल्या आठवड्यात एक दिवस सुट्टी आली की मागचा गट पुढच्या दिवशी ढकलला जातो आणि १४ मुलांच्या वह्या साचतात. सुट्टी आली तर त्या गटाची तपासणी त्या आठवड्यापुरती सोडून द्या, पुढच्या फेरीत बघा. भरपाई करायला गेलात तर गठ्ठा पुन्हा घरी जायला लागतो.

बहुवर्ग शाळेत, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असतील, तर गट इयत्तेप्रमाणे पाडू नका. मिसळून पाडा. म्हणजे एका इयत्तेला शिकवताना दुसरीतली तीन-चार मुलं वही घेऊन थांबलेली असतात आणि वेळ रिकामा जात नाही.

टप्पा ५: ऑनलाइन नोंदींना एकच जागा

यू-डायस प्लस, म्हणजे शाळा आणि मुलांची माहिती भरायचं सरकारी संकेतस्थळ. त्यासाठी ३० सप्टेंबर हा संदर्भ दिनांक असतो. त्या आठवड्यात संकेतस्थळ संथ होतं, ओटीपी येत नाही आणि रात्री जागून भरावं लागतं. बहुतेक त्रास नावांचा असतो. जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) एक नाव, आधारवर दुसरं. वडिलांचं नाव मागेपुढे, आडनावात काना जास्त, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. माहिती जुळत नाही आणि तेच मूल परत परत उघडावं लागतं.

म्हणून जुलैमध्ये, पटनोंदणी स्थिरावली की, एकाच तक्त्यात सगळी मुलं घ्या: जनरल रजिस्टर क्रमांक, रजिस्टरप्रमाणे नाव, आधारप्रमाणे नाव, जन्मतारीख, आईचं नाव, मोबाइल क्रमांक. दोन नावांत फरक असलेल्या ओळी रंगवा. फक्त त्या पालकांना बोलवा, आधार दुरुस्तीला ऑगस्टभर वेळ मिळतो. जनरल रजिस्टरमध्ये स्वतःच्या मनाने दुरुस्ती करू नका, त्याची रीतसर परवानगी लागते.

पोषण आहाराची रोजची नोंद जेवण वाढून झालं की लगेच करा. तिला संध्याकाळपर्यंत थांबवलं की ती घरी येते. शाळेत रेंज नसेल तर हजेरीचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि रेंज लागेल त्या पहिल्या ठिकाणी, गाडी बाजूला उभी करून भरा. बाकी ऑनलाइन कामासाठी आठवड्यातले दोन दिवस ठरवा, शाळा सुटल्यावर प्रत्येकी एक तास, शाळेतच बसून.

टप्पा ६: फोनच्या वेळा

सूचना येणारे ग्रुप दोन: शाळेचा आणि केंद्राचा. हे वर पिन करा. बाकीचे सगळे कायमचे म्यूट करून संग्रहात टाका. संघटनेचे, बॅचचे, वाढदिवसांचे ग्रुप रविवारी एकदा पाहिले तरी काही अडत नाही. केंद्राचा ग्रुप दिवसातून तीनदा उघडा: शाळेत पोहोचल्यावर, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. खरोखर तातडीचं असेल तर फोन करा, हे केंद्रप्रमुखांना आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. सांगितल्याशिवाय गप्प राहिलात तर तो बेजबाबदारपणा ठरतो.

पालकांसाठीही वेळ जाहीर करा, पण गाव बघून. वाई किंवा मिरज शहरात संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा चालतं. उसाच्या पट्ट्यात, म्हणजे वाळवा, पलूस, कराड या बाजूला, त्या वेळी पालक शेतात असतात आणि फोन रात्री नऊला येतो. तिथे आठवड्यातून दोन दिवस साडेसात ते आठ अशी वेळ द्या आणि ती ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा. पालकांच्या ग्रुपवर संदेश पाठवण्याची सोय फक्त ॲडमिनला ठेवा. 'गुड मॉर्निंग'च्या फुलांमध्ये सुट्टीची सूचना हरवायला नको.

तपासा: आठ दिवसांनी बघा, रात्री साडेआठनंतर तुम्ही शाळेचा किती वेळा निरोप दिला? तीनपेक्षा जास्त असेल तर चूक निरोप पाठवणाऱ्यांची नाही. उत्तर मिळतं म्हणून ते विचारतात.

टप्पा ७: येण्या-जाण्याचा वेळ

मिरजेहून जत तालुक्यात किंवा साताऱ्याहून जावळीच्या आतल्या वस्तीवर रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्याचे आठवड्याचे दहा-बारा तास रस्त्यावर जातात. ते ४५ मध्ये मोजू नका, पण विश्रांतीतही धरू नका. तास-दीड तास गाडी चालवली की पाठ आणि मनगटं थकतात. घरी पोहोचून लगेच स्वयंपाक किंवा अभ्यास घ्यायला बसलं की राग बाहेर पडतो तो घरच्यांवर.

पोहोचल्यावर वीस मिनिटं ठरवून ठेवा: हातपाय धुणं, चहा, पाठ टेकून आडवं होणं. शाळेचा विषय चहा संपेपर्यंतच. नवरा-बायको दोघंही शिक्षक असतील तर हा नियम जास्त कडक पाळा, नाहीतर जेवणाच्या ताटावरही केंद्र संमेलन भरतं.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे जाणाऱ्यांनी शाळेच्या कपाटात कपड्यांचा एक कोरडा जोड आणि टॉवेल जूनपासून ठेवावा. ओल्या कपड्यांत सहा तास उभं राहणं हे पावसाळ्यातल्या आजारपणांना दिलेलं आमंत्रणच. जत, आटपाडी, माण, खटावकडे उन्हाळ्यात परतीचा रस्ता भर दुपारचा असतो. सकाळची शाळा सुटल्यावर लगेच न निघता आधी पोटभर पाणी प्या आणि डोकं झाका.

टप्पा ८: आता शरीर

इथपर्यंत वेळ मोकळा झाला असेल. पहिला हक्क आवाजाचा.

आवाज: दर तासिकेला तीन-चार घोट पाणी. वर्ग शांत करायला आवाज चढवू नका, टाळीचा ठेका किंवा छोटी घंटी ठरवून घ्या. घसा सतत खाकरू नका, त्याने स्वरतंतूंवर घासणी होते. आवाज बसल्यावर कुजबुजत शिकवणं सुरक्षित वाटतं, पण त्यानेही ताण पडतो. त्या दिवशी लेखनाचं काम द्या. फळा ओल्या फडक्याने पुसा. खडीसाखर, आलं यांनी बरं वाटतं, उपचार होत नाही. तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगरा असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

पाणी आणि लघवी: स्वच्छतागृह नीट नाही म्हणून घरून निघाल्यापासून परतेपर्यंत पाणीच न पिणाऱ्या बाई अनेक शाळांत सापडतील. मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, सगळं यातून येतं. उपाय पाणी कमी पिणं नाही. लिटरभराची बाटली शाळेतच संपवा, अकरा-साडेअकराला आणि मधल्या सुट्टीत जायची वेळ ठरवा, तेवढा वेळ शेजारच्या वर्गशिक्षकाने लक्ष ठेवायचं. कडी, पाणी, कचराडबा यांची दुरुस्ती शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक बैठकीत विषय म्हणून लिहून घ्या आणि शाळा अनुदानातून करा. हा विषय संकोचाने मांडला जात नाही, म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो.

पाय: चाळीस मिनिटं उभं राहिलात की पाच मिनिटं बसून शिकवा. टाचा वर-खाली पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीवर फुगलेल्या शिरा दिसत असतील तर मोजे किंवा पट्टी स्वतःहून विकत घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

चालणं: आता गजर लावा. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. अजिंक्यताऱ्याची चढण किंवा कृष्णेचा घाट जवळ असेल तर उत्तम, नसेल तर शाळेचं मैदान मुलं गेल्यावर रिकामंच असतं. पहाटेचा हट्ट धरू नका. झोप सात तासांच्या खाली जाणार असेल तर त्या दिवशी चालणं सोडा, झोप नाही.

टप्पा ९: रजा आधी लिहा

किरकोळ रजा वर्षअखेर उरली तर पुढच्या वर्षात जात नाही, तरीही ती 'अडीनडीला' म्हणून साठवली जाते आणि डिसेंबरात एकदम टाकायची धावपळ होते. जानेवारीत कॅलेंडरवर दर तिमाहीला एक दिवस स्वतःच्या तपासणीसाठी लिहा: रक्तदाब, साखर, डोळे, दात. तो दिवस लग्नाला देऊ नका. गावची यात्रा आणि मुलांच्या परीक्षा यांचे दिवसही तेव्हाच टाका.

आजारपणात किरकोळ रजेचे तुकडे जोडत बसू नका. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परावर्तित करून पूर्ण वेतनी घेता येते, मात्र एका दिवसामागे दोन दिवस खर्ची पडतात. महिला शिक्षकांना बालसंगोपन रजाही आहे. मुलाच्या दहावीच्या वर्षी तिचा विचार मार्चमध्ये न करता जूनमध्ये करा. सेवापुस्तकात रजेचा हिशेब अद्ययावत आहे का, हे वर्षातून एकदा पाहून घ्या.

हा नुसता थकवा नसेल तर

सुट्टीत चार दिवस झोपूनही शाळेच्या विचाराने छाती धडधडणं, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडणं, मुलांवर हात उगारला जाणं, जगण्यातच रस न वाटणं. असं होत असेल तर वरचे टप्पे बाजूला ठेवा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य चालते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात मानसोपचार तज्ज्ञांची चौकशी करा. शाळेत कोणाला सांगायचं की नाही, ते नंतर ठरवता येतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा नोंद

टप्पा १ ची वही पुन्हा काढा, तेच चार रकाने, तेच सात दिवस. घंटांबाहेरचे तास साडेआठवर आले नसतील तर कोणतं काम घरी आलं ते 'कुठे केलं' या रकान्यात दिसेल. बहुतेक वेळा ते एकच असतं, वह्या किंवा ऑनलाइन माहिती. त्याच टप्प्यावर परत जा, बाकीचं जसं चाललंय तसं चालू द्या. बदली झाली, इयत्ता बदलली किंवा सोबतचे शिक्षक बदलले तर जुनी वाटणी नव्या शाळेत तशीच लावू नका. पट आणि अंतर बदललं की सगळे आकडे नव्याने काढावे लागतात.